एक बंधारा, दोन कालवे : इंटरनेटच्या दोन लाइनी कशासाठी?



उसाची नोंद, तोडणीची चिठ्ठी, काट्याची पावती, बँकेत जमा होणारे पेमेंट, सगळे आता संगणकावर आले. लाइन गेली की गट कार्यालयाचे काम अडते. तोडलेला ऊस मात्र थांबत नाही. तो वाळतो, वजन घटते, उतारा घसरतो. शिवाय १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे पेमेंट १४ दिवसांत द्यायचे असते. म्हणून दोन लाइनी लागतात. "दुप्पट खर्च कशाला?" असे काही सभासद आम्हाला विचारतात. त्यासाठी हे चार शब्द.

निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरच्या एकाच बंधाऱ्यातून गोदावरीचे उजवा व डावा असे दोन कालवे निघतात. तसे बंधाऱ्याचे काम इथे लिनक्सवर चालणारा संगणक करतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते. एक लाइन १०० एमबीपीएसची व दुसरी ५० ची असेल, तर कामाची वाटणी २ ला १ अशी लावून देता येते.

मात्र पाणी आणि इंटरनेट यांत एक फरक आहे. दोन्ही कालव्यांचे पाणी एका शेतात मिसळले तरी चालते. इथे प्रत्येक लाइनीचा पत्ता वेगळा. बँकेशी चाललेले एक काम अर्धे या पत्त्यावरून, अर्धे त्या पत्त्यावरून गेले, तर ते तुटते. म्हणून एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच लाइनीवर ठेवतात. त्यामुळे एकट्याची फाइल दुप्पट वेगाने येत नाही. दहा जण एकदम कामाला बसले की फायदा कळतो.

दुसरे असे, की पाटाच्या तोंडाशी पाणी दिसले म्हणजे ते शेवटच्या शेतापर्यंत पोहोचतेच असे नाही. मोडेमचा दिवा लागलेला असतो, पण पुढे लाइन तुटलेली असते. लिनक्सला हे आपोआप कळत नाही. त्याला दर काही सेकंदांनी दूरच्या पत्त्यावर हाक मारायला शिकवावे लागते. उत्तर आले नाही, की नवे काम दुसऱ्या लाइनीवर वळवायचे.

आणि दोन्ही लाइनी एकाच खांबावरून घेऊ नका. खांब पडला की दोन्ही गेल्या! एक फायबरची, एक मोबाइल कंपनीची, अशी जोडी बरी. दुसऱ्या लाइनीचा खर्च आपण विहिरीवर जादा मोटार ठेवतो तसा समजावा. ऐन पाळीत पहिली जळाली, की तिची किंमत कळते.