पाचव्या चिमणीचे मोल

पहाटेच्या लोकलने बदलापूरहून मुंबईकडे निघणारा कारकून, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार आणि उल्हासनगरात नगावर जीन्स शिवणारा कारागीर, या तिघांच्याही श्रमाची किंमत दुसरा कोणीतरी ठरवितो. अर्थव्यवहार त्याशिवाय चालत नाही, हे खरे. परंतु ही किंमत म्हणजेच आपले मोल, अशी माणसाची समजूत झाली की अनर्थ होतो. मग कारखाना बंद पडलेला कामगार स्वतःच्या घरातही खालमानेने वावरू लागतो आणि नापास झालेला विद्यार्थी स्वतःला निकामी ठरवून मोकळा होतो.

या समजुतीला ख्रिस्ताने बाजारातलाच दाखला देऊन उत्तर दिले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. हिशेबाने चारच यावयास हव्यात. पाचवी विक्रेत्याने फुकट वर घातलेली. बाजारात जिला काहीच किंमत नाही, तिचाही देवाला विसर पडत नाही, असे ख्रिस्त सांगतो. किंमत देवघेवीतून ठरते. मोल देवघेवीच्या आधीपासून असते.

उल्हासनगरला हे वेगळे सांगावयास नको. १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या ओस पडलेल्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित येऊन राहिले. १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ही माणसे ख्रिस्ती नव्हती. परंतु घरदार गेले म्हणून माणूस शून्य होत नाही, हे त्यांनी उद्योगाने सिद्ध केले.

आत्मसन्मान आणि नम्रता एकत्र नांदत नाहीत, असाही एक समज आहे. योहानाने वर्णिलेला अखेरच्या भोजनाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ख्रिस्त उठून शिष्यांचे पाय धुतो. ते काम दासाचे. पण आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जाणार, याची पूर्ण जाणीव त्याला त्या क्षणी होती, हे योहान आवर्जून नोंदवितो. आपल्याकडे नम्रतेचा उपदेश बहुधा खालच्यालाच केला जातो : शिपायाने साहेबापुढे, सुनेने सासूपुढे नम्र असावे. ख्रिस्ताने गुरूच शिष्यांपुढे वाकलेला दाखविला. ज्याला आपले मोल ठाऊक आहे, तोच आपण होऊन वाकतो. इतरांना परिस्थिती वाकविते.

मराठीत याचे उत्तम उदाहरण लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या संसाराची वाताहत झाली. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. पण त्या पतीच्या आज्ञेने नव्हे, स्वतःच्या विचाराने. लग्नानंतर अक्षरे गिरविलेल्या या बाईने पतीच्या मागे त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्णत्वास नेले. ‘स्मृतिचित्रे’त त्या स्वतःच्या फजितीवर मनमोकळेपणाने हसतात; मात्र स्वतःला कोठेही हीन लेखीत नाहीत.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, या आज्ञेचा अर्थ येथे उलगडतो. प्रीतीचे माप ‘स्वतःसारखी’ हे आहे. स्वतःचा तिरस्कार करणारा शेजाऱ्याला काय देणार? त्याच्या सेवेतही कुरकुर शिरते आणि उपकाराची नोंद राहते.

ही प्रीती दाखविण्यास मोठे प्रसंग लागत नाहीत. तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी सरकून घेणे, खिडकीशी आलेल्या अडाणी म्हातारीचा अर्ज न खेकसता भरून देणे, मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला नावाने हाक मारणे, इतके रोज जमण्यासारखे आहे. पगारपत्रकात त्याची नोंद होत नाही. पण ज्याला आपली कोणी गणतीच करीत नाही असे वाटत असते, त्याला आपण मोजले गेलो एवढे त्यातून कळते.