उपवास कीं उपासमार?

व्यायाम करणाऱ्या तरुणास भूक चांगली लागते, अशी आपली जुनी समजूत आहे. परंतु अमेरिकेंतील कॉलेजांच्या क्रीडांगणांवर कित्येकदां याच्या उलट प्रकार दृष्टीस पडतो. आणि आपल्या घरांतील मुलेंमुली आतां त्या देशीं शिकावयास जात असल्यामुळें वाचकांनीं त्याचा विचार करणें अगत्याचें आहे.

१९९७ सालीं ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर एवढ्या अवधींत तेथील निरनिराळ्या राज्यांतले तीन कॉलेजकुमार पहिलवान मरण पावले. वयें अवघीं १९, २१ व २२, प्रकृति निकोप. ठराविक वजनांत बसण्यासाठीं त्यांनीं अन्नपाणी तोडलें व घाम कोंडणारा पोषाख घालून तापलेल्या जागेंत मेहनत केली. अंगांतील पाणी आटलें, उष्मा चढला आणि प्राण गेले. १९९८ सालीं तेथील क्रीडामंडळानें असे पोषाख व उष्ण खोल्या वर्ज्य केल्या.

पण मनांतला तराजू नियमानें निघत नाहीं. लांब पल्ल्याच्या धावण्यांत वा जिम्नॅस्टिक्समध्यें ही व्याधि हळूहळू शिरते. वजन उतरतांच प्रथम पाय हलके वाटतात, शाबासकी मिळते. पुढें मुलींचा मासिक धर्म बंद पडतो, हाडें ठिसूळ होतात, नाडी मंदावते. पुरुषही यांतून सुटत नाहींत, हें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं स्पष्ट केलें.

उपवासाच्या घरांत वाढलेल्या आपणांस अन्न सोडणारा तपस्वी वाटतो. आम्हींही शिक्षक असतांना, अर्धें जेवण टाकून धावावयास जाणाऱ्या एका विद्यार्थ्याची 'संयमी' म्हणून वर्गापुढें वाखाणणी केली होती. पुढें तो मैदानावरच कोसळला, तेव्हां आमचे डोळे उघडले. सुदैवानें तो वांचला. परंतु ती शाबासकी आम्हांस अद्याप बोंचते.

अति खाणाऱ्याप्रमाणें मुळींच न खाणाऱ्यासही योग साधत नाहीं, असें गीतेच्या सहाव्या अध्यायांत बजाविलें आहे. म्हणून वडील मंडळींनीं मुलांच्या अंगलटीची स्तुति वा थट्टा करूं नये. मूल पंक्तीला बसण्याचें टाळूं लागलें, तर तो हट्ट न समजतां आजार समजावा व वेळींच डॉक्टरांस दाखवावें. परदेशीं पत्र अथवा फोन करतांना पदकाआधीं जेवणाची चौकशी करावी.

उपवासास पारणें असतें. ज्यास पारणें नाहीं, ती उपासमारच होय.