वेग कोठे अडतो?

घरातील नळाला पाणी बारीक येऊ लागले, म्हणजे मनुष्य प्रथम तोटी पाहतो. तोटीत कचरा अडकला असेल, तर ती साफ करताच पाणी जोराने येते. परंतु रस्त्यावरून घरात आलेली नळीच अरुंद असेल, तर तोटी कितीही फिरविली तरी पाणी वाढत नाही. घरच्या इंटरनेटचेही असेच आहे. संगणकाच्या सेटिंगमधील आकडे बदलले की इंटरनेट वेगवान होते, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा आहे?

इंटरनेटवरील माहिती लहान लहान तुकड्यांत पाठविली जाते. तुकडे मिळाले, म्हणजे घेणारा संगणक त्यांची पोच धाडतो. पोच येण्यापूर्वी किती माहिती पाठवावयाची, यास मर्यादा असते. १९८१ साली ठरलेल्या नियमाप्रमाणे ही मर्यादा फार तर ६५,५३५ बाइट होती. त्या काळच्या मंद तारांना ती पुरेशी होती.

पुढे तारा सुधारल्या आणि ही मर्यादा अपुरी पडू लागली. समजा, माहिती दूर देशातून येत आहे आणि ती निघाल्यापासून पोच परत मिळेपर्यंत एक-पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला पाचच खेपा होतील आणि फार तर ३,२७,६७५ बाइट, म्हणजे सुमारे २६ लाख बिट माहिती येईल. तार सेकंदाला १ कोटी बिट वाहून नेण्यास समर्थ असली, तरी तिचा जेमतेम चतुर्थांश उपयोगात येईल. उरलेला वेळ पाठविणारा संगणक पोचेची वाट पाहत स्वस्थ बसेल!

१९९२ साली ही मर्यादा वाढविण्याची रीत ठरली. तरीही कित्येक घरगुती संगणकांत लहान आकडाच राहिला होता. तो हाताने वाढविला, की वेग खरोखरच वाढे. त्यामुळे अशा युक्त्या सर्वत्र पसरल्या. परंतु २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टा या प्रणालीत ही मर्यादा गरजेप्रमाणे आपोआप कमीजास्त होऊ लागली. आजचे संगणक हे काम स्वतःच करतात. त्यात जुना आकडा बसविला, तर वेग उलट घटण्याचा संभव असतो.

मग आज काहीच करता येत नाही काय? येते, मात्र प्रथम अडथळा शोधला पाहिजे. संगणक राउटरला तारेने जोडून वेग मोजावा. नंतर दूरच्या खोलीत वाय-फायवर मोजावा. पहिला पुरेसा आणि दुसरा फार कमी भरला, तर अडथळा घरातच आहे. राउटर जाड भिंतीआड किंवा लोखंडी कपाटाजवळ असल्यास तो मोकळ्या जागी ठेवावा आणि पुन्हा मोजून पाहावे. परंतु ज्या वेगाचे पैसे भरले, तेवढा वेग तारेवर मिळत असेल, तर संगणकातील कोणताही आकडा त्यापुढे वेग वाढवू शकत नाही.

तोटी साफ करावयाची की नळी बदलावयाची, हे मोजल्यावाचून कळत नाही.