विश्लेषण : जर्मनीत घरच्या गांजाला परवानगी, पण खरी परीक्षा काचेच्या बरणीत कशी?

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी घरी गांजाची तीन झाडे लावता येतात. उघड्यावर लावलेल्या झाडांची काढणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. त्यानंतर फुले वाळवून काचेच्या बरणीत मुरवली जातात. चर्चा झाडांच्या संख्येची होते. मात्र कायद्याचे वजन, आरोग्याचा धोका आणि शेजाऱ्यांची तक्रार हे सगळे पुढच्या चार-सहा आठवड्यांत, म्हणजे झाड कापल्यानंतर उभे राहते.

कायदा नेमका काय सांगतो?

जर्मन संसदेने हा कायदा फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केला. १८ वर्षांवरील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी २५ ग्रॅम आणि राहत्या घरी ५० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगता येतो. फुले आणि फुलांजवळची पाने यांचे वजन वाळल्यानंतरचे धरले जाते. घरातला साठा ५० ते ६० ग्रॅमच्या दरम्यान गेला तर दंडाचे प्रकरण होते, ६० ग्रॅमच्या वर गेला तर फौजदारी गुन्हा.

आता गणित पाहू. ताज्या फुलात ७५ ते ८० टक्के पाणी असते. नीट वाळलेल्या फुलात ते १०-१२ टक्क्यांवर येते. म्हणजे २०० ग्रॅम ओल्या फुलांचे वाळून साधारण ५० ग्रॅम होतात. चांगले जोपासलेले एकच झाड ही मर्यादा ओलांडू शकते, तीन झाडांची तर गोष्टच वेगळी. झाडे तीन चालतात, पण त्या तिन्हींचे पूर्ण उत्पन्न घरात ठेवता येईलच असे नाही. जास्तीचा माल मित्राला फुकट देण्याचीही सोय नाही. घरी पिकवलेला गांजा दुसऱ्याच्या हाती देण्यास मनाई आहे. उरलेला नष्ट करणे एवढाच मार्ग राहतो.

वाळवण आणि मुरवण यात फरक काय?

आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी वाळवण होते, पण ते कडक उन्हात. इथे ऊन चालत नाही. फांद्या अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलट्या टांगतात. तापमान १५ ते २० अंश सेल्सिअस आणि हवेतील आर्द्रता ५५ ते ६० टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. एक ते दोन आठवडे लागतात. बारीक काडी वाकण्याऐवजी कट्कन मोडली की वाळवण झाले, ही जुनी खूण.

घाई केली तर गडबड होते. जर्मनीत ऑक्टोबरमध्ये घरातले हीटर सुरू होतात, हवा कोरडी पडते आणि फूल दोन-तीन दिवसांत वरून कुरकुरीत होते. आतला गाभा मात्र ओलाच राहतो. हाताला ते कोरडे लागते, म्हणून माणूस फसतो. असे फूल बंद बरणीत घातले की आतले पाणी हळूहळू बाहेर येते आणि काल कोरडी वाटलेली फुले आज दमट लागतात. पदार्थ आणि त्याभोवतीची हवा यांच्यातील ओलावा समतोलाकडे जातो, एवढाच हा भौतिकशास्त्राचा भाग. बिस्किटाच्या डब्यात पोळीचा तुकडा ठेवून पाहिला तरी तेच दिसते.

म्हणून बरणी पाऊण भरतात, आत छोटा आर्द्रतामापक ठेवतात आणि पहिले एक-दोन आठवडे रोज काही मिनिटे झाकण उघडतात. पिकवणाऱ्यांच्या बोलीत याला ‘बर्पिंग’ म्हणतात, बाळाचा ढेकर काढतात तसे. आकडा ५८ ते ६२ टक्क्यांवर स्थिरावला की झाकण कमी वेळा उघडतात. फुलांतील हिरवे द्रव्य विघटित होऊन गवताचा वास कमी होतो, धुराचा खरखरीतपणाही कमी होतो, असे सांगितले जाते. यातला बराच भाग प्रयोगशाळेपेक्षा पिकवणाऱ्यांच्या अनुभवावर आणि तंबाखू मुरवण्याच्या जुन्या ज्ञानावर उभा आहे. मुरवल्याने नशा वाढते, हा समज मात्र फारसा टिकत नाही. नशा आणणारे टीएचसी हे मुख्यतः उष्णतेने तयार होते. साठवणुकीत ते घटते. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या १९९९ मधील अभ्यासात सामान्य तापमानाला ठेवलेल्या नमुन्यांत पहिल्या वर्षी सुमारे १७ टक्के, तर चार वर्षांत सुमारे ४१ टक्के टीएचसी कमी झाल्याचे आढळले.

बुरशीचा धोका किती खरा?

भुईमुगाच्या दमट शेंगांवर वाढणारी अस्परजिलस बुरशी मराठी शेतकऱ्याला नवी नाही. तिच्याच जातकुळीतील बुरशी दमट गांजावरही वाढते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ओढण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गांजाची अस्परजिलसच्या चार प्रजातींसाठी तपासणी सक्तीची आहे. घरच्या बरणीला अशी तपासणी नाही. नाक आणि डोळे हीच प्रयोगशाळा. झाकण उघडताच अमोनियासारखा उग्र दर्प आला, तर आत हवेविना वाढणाऱ्या जिवाणूंनी काम सुरू केले असे समजतात. पांढरी जाळी किंवा राखाडी भुगा दिसला तर तेवढाच भाग काढून बाकीचे वापरणे धोक्याचे आहे. बीजाणू डोळ्याला दिसत नाहीत आणि जाळल्याने ते सगळे मरतात असेही नाही. निरोगी माणसाला कदाचित खोकल्यावर भागेल. केमोथेरपी घेणाऱ्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. वेदना कमी व्हाव्यात म्हणून गांजाकडे वळणाऱ्यांत असे रुग्णही असतात, ही यातली सर्वांत काळजीची बाब आहे.

भारतीय विद्यार्थ्यांनी काय लक्षात ठेवावे?

जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर आहेत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या ४९ हजारांवर होती. त्यात पुण्या-मुंबईहून, नागपूर-नाशिकहून गेलेली मराठी मुलेही आहेत आणि अनेक जण सामायिक फ्लॅटमध्ये राहतात. कायद्यानुसार झाडे आणि साठा मुलांच्या व इतर कोणाच्याही हाती लागणार नाही अशा रीतीने ठेवावा लागतो. ‘इतर’मध्ये शेजारच्या खोलीतला मित्रही येतो. म्हणजे स्वयंपाकघराच्या फडताळात मसाल्यांशेजारी ठेवलेली बरणी नियमात बसत नाही, तिला कुलूप हवे. वाळवणाच्या दोन आठवड्यांत वास जिन्यापर्यंत जातो आणि शेजाऱ्यांना अवाजवी त्रास होऊ न देण्याचीही अट आहे.

वाहन चालवणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२४ पासून रक्तद्रवात प्रति मिलिलिटर ३.५ नॅनोग्रॅम टीएचसी ही मर्यादा आहे. २१ वर्षांखालील आणि नवे परवानाधारक यांना ती सवलतही नाही.

सुट्टीत घरी येताना तर विषयच संपतो. जर्मन कायदा गांजा देशाबाहेर नेऊ देत नाही आणि भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, लागू होतो. झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, अशी त्याची व्याख्या आहे. बरणीत नेमके तेच असतात. एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ मानले जात असले तरी त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. सांगलीत किंवा साताऱ्यात गच्चीवरच्या कुंडीत एक झाड लावणेही लागवडच ठरते आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.