बास्केट झाल्यावर टाइम-आउट कुणाचा?

"बास्केट झाली की बॉल डेड. घड्याळ बंद. आता टाइम-आउट कुणीही मागा." जळगाव-धुळ्याच्या शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत टेबलाजवळ आवाज चढतात ते बहुधा याच समजुतीवरून. यातलं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं बहुतेक वेळा चूक आणि तिसरं सपशेल चूक.

थोडा दोष मोबाइलवरच्या एनबीएचा. पोरं रात्री तिथल्या क्लिपा बघतात आणि सकाळी सिमेंटच्या कोर्टवर तेच नियम लावायला जातात. आपल्याकडे स्पर्धा शालेय असो की कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची, खेळ चालतो आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमांनी.

आधी घड्याळ. बॉल रिंगमधून खाली आला की तो डेड होतो, पण घड्याळ पळतच राहतं. मैदानी गोलनंतर ते आपोआप थांबतं फक्त चौथ्या क्वार्टरच्या आणि जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत. पहिल्या क्वार्टरचे सहा सेकंद उरलेत, बास्केट खाल्लीत आणि बॉल आणायला रमतगमत गेलात, तर क्वार्टर तिथंच संपला. टायमरला दम भरून उपयोग नाही. एनबीएत पहिल्या तीन क्वार्टरच्या शेवटच्या मिनिटातही बास्केटनंतर घड्याळ थांबतं, म्हणून हा घोळ होतो. मात्र बास्केट करणाऱ्यानं खाली आलेला बॉल मुद्दाम ढकलून वेळ काढला, तर आधी ताकीद आणि पुन्हा केलं तर टेक्निकल फाउल.

आता खरा वाद. समजा जळगावचा संघ एका गुणानं मागे आहे, नऊ सेकंद उरलेत, आणि त्यांची बास्केट पडली. एका गुणाची आघाडी. घड्याळ थांबलंय. जळगावचे कोच टेबलाकडे धावतात: "सर, टाइम-आउट मागू राह्यलो ना!" स्कोअरर मान हलवतो, आणि तो बरोबर असतो. मैदानी गोलनंतर टाइम-आउटचा हक्क बास्केट खाल्लेल्या संघाचा. इथं तो धुळ्याचा. बास्केट करणाऱ्यालाही तो दिला, तर प्रत्येक संघ गुण घेऊन लगेच खेळ थांबवील, बचाव लावून घेईल आणि समोरच्याचा झटपट पलटवार मारला जाईल. मला हा नियम अगदी न्याय्य वाटतो. जळगावला संधी मिळते ती पंचांनीच काही कारणानं खेळ थांबवला तर. शेवटचा फ्री थ्रो पडला तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा दोन्ही संघ मागू शकतात.

धुळ्याच्या कोचनंही झोपून चालत नाही. आधीच मागणी नोंदवलेली असेल, तर बास्केट पडताक्षणी टायमर घड्याळ थांबवून हॉर्न देतो. पण एंड लाइनमागे त्यांच्याच खेळाडूच्या हाती थ्रो-इनसाठी बॉल आला की संधी गेली. मागणी मागे घ्यायची तर तीही हॉर्न वाजण्याआधीच.

आणि मागायचं कुणी? मुख्य कोचनं किंवा पहिल्या सहायक कोचनं. कोर्टवरून कॅप्टननं हातानं कितीही 'टी' करून दाखवला तरी फिबात त्याला किंमत शून्य. अमेरिकेत खेळाडू मागू शकतो, आणि ते महागातही पडतं. 1993 च्या एनसीएए या महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मिशिगनच्या क्रिस वेबरनं 11 सेकंद उरले असताना टाइम-आउट मागितला. मिशिगन दोन गुणांनी मागे होता आणि त्यांचे टाइम-आउट संपलेले होते. टेक्निकल फाउल लागला, सामना नॉर्थ कॅरोलायनानं जिंकला.

टाइम-आउट साठवण्याचा मोहही फसवा. पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन, पण शेवटच्या दोन मिनिटांत फार तर दोनच. दुसऱ्या हाफमध्ये एकही न वापरता 2:00 वर पोचलात, तर स्कोअरर स्कोअरशीटवर पहिल्या चौकोनात दोन आडव्या रेघा मारतो. तो टाइम-आउट बुडाला.

टाइम-आउटनंतर परत आल्यावर थ्रो-इन एकाच जागी उभं राहून करायचा, असंही पुष्कळांना वाटतं. बास्केटनंतरच्या थ्रो-इनमध्ये एंड लाइनमागे डावी-उजवीकडे सरकता येतं, मागे उभ्या साथीदाराला पासही देता येतो, आणि ही मुभा मध्ये टाइम-आउट झाला म्हणून जात नाही. पाच सेकंद तेवढे सांभाळायचे. शेवटच्या दोन मिनिटांत टाइम-आउट घेतला तर कोच बॉल थेट पुढच्या अर्ध्यात, टेबलासमोरच्या थ्रो-इन रेषेवर मागू शकतो. मग शॉट क्लॉक मात्र 24 ऐवजी 14 सेकंदांचं मिळतं. नऊच सेकंद उरलेल्या धुळ्याला त्याची फिकीर कशाला?