कॅटलान भाषेची गोष्ट

माझा मामा मालवाहू बोटीवर खलाशी आहे. गणपतीला तो घरी आला, तेव्हा त्याने आम्हांला बार्सेलोना शहराची गंमत सांगितली. हे शहर स्पेन देशात समुद्राकाठी आहे. तिथे मोठे बंदर आहे.

मामाला वाटले होते, स्पेनमध्ये सगळे स्पॅनिशच बोलतात. म्हणून तो पावाच्या दुकानात गेला आणि स्पॅनिशमध्ये "बुएनोस दिआस" म्हणाला. म्हणजे आपला नमस्कार. दुकानातली आजी हसली आणि म्हणाली, "बोन दिआ." ही तिची कॅटलान भाषा!

कॅटलान म्हणजे मोडकी स्पॅनिश नाही बरं का. ती वेगळी भाषा आहे. दोघी बहिणी, आणि त्यांची आई लॅटिन. टेबलाला स्पॅनिशमध्ये 'मेसा' म्हणतात, तर कॅटलानमध्ये 'ताउला'. पावाला कॅटलानमध्ये 'पा' म्हणतात. आपला 'पाव' शब्द पोर्तुगीजांकडून आला. पोर्तुगीजही त्यांचीच बहीण! तिकडे पावावर टोमॅटो चोळतात, वर ऑलिव्हचे तेल आणि मीठ घालतात. झाले खाणे.

सुमारे १ कोटी लोकांना कॅटलान येते. स्पेन आणि फ्रान्स यांच्या मध्ये अँडोरा नावाचा डोंगराळ देश आहे. त्याची तर ती राजभाषा आहे.

त्या लोकांचे मनोरे आपल्या दहीहंडीसारखे असतात. माणसांवर माणसे उभी राहतात. कधीकधी दहा थरसुद्धा लागतात. सर्वांत वर लहान मूल चढते. पण वर हंडी नसते. मूल फक्त हात वर करते आणि खाली उतरते. मनोरा नीट उतरला तरच पूर्ण झाला म्हणतात. २०१० साली युनेस्कोने या मनोऱ्यांना मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला.

आता दुःखाची गोष्ट. १९३९ पासून १९७५ पर्यंत स्पेनमध्ये फ्रँको नावाच्या हुकूमशहाचे राज्य होते. त्याने शाळेतून आणि कचेरीतून कॅटलान काढून टाकली. पण आया आणि आज्या घरात मुलांशी कॅटलानच बोलत राहिल्या. म्हणून भाषा वाचली. आता तिथल्या शाळांत मुले कॅटलान शिकतात आणि स्पॅनिशही शिकतात.

हे ऐकून मला एक आठवण झाली. पहिलीत असताना मी वर्गात म्हटले होते, "बाई, माका पाणी होया." सगळे हसले. तेव्हापासून मी शाळेत मालवणी बोलायचे सोडले. घरी आजीलासुद्धा मराठीतच उत्तर द्यायचो. आजी काही बोलली नाही, पण तिला वाईट वाटले असेल.

आता मी आजीचे मालवणी शब्द वहीत लिहितो. ४२ झाले. पुस्तकातली मराठी मला आवडते, तीही मी शिकणार. मित्रांनो, तुमच्या घरचे शब्द मला सांगा. पालकांनीही सांगावेत. मी हसणार नाही.