डोंगराआडची रेंज

आम्ही देहूरोडची माणसे. जवळच घोरवडेश्वराचा डोंगर आहे. टॉवर डोंगराच्या एका अंगाला असला, की दुसऱ्या अंगाला फोनचा आवाज तुटतो. असे का होते?

टॉवरमधून रेडिओलहरी निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले, की त्यांचा जोर चौथाई उरतो. डोंगर, झाडी, सिमेंटची घरे आड आली, की तो आणखी घटतो.

म्हणून टॉवर उभारण्याआधी इंजिनिअर गणित मांडतात. योशिहिसा ओकुमुरा यांनी जपानात टोकियो व आसपास मोजण्या केल्या, त्या १९६८ साली प्रसिद्ध झाल्या. १९८० साली मासाहारू हाता यांनी त्यांवरून सूत्रे बसवली.

पण टोकियोचे गणित आपल्या मावळात जसेच्या तसे कसे चालेल? म्हणून मोजणीची गाडी रस्त्यारस्त्याने फिरवतात. गाडीतले यंत्र जागोजागी लहरींचा जोर टिपते. गणिताचा आकडा आणि मोजलेला आकडा ताडून पाहतात. फरक पडेल तसे गणित सुधारतात.

शेतकऱ्याला हे नवे नाही. पिकाचा आधी नजरअंदाज होतो. मग ठरावीक तुकडा कापून, मळून वजन करतात. तेव्हा खरा उतारा कळतो.

मोजणी चुकली, तर नकाशावर रेंज दिसेल. पण डोंगराआडच्या घरातून १०८ ला फोन लागणार नाही. मग अडलेल्या बाईसाठी गाडी कशी येणार?

तेव्हा नुसते 'रेंज नाही' म्हणू नका. कोणती वाडी, घरात की अंगणात, किती वाजता, हे कंपनीला लिहून कळवा. आता आपल्याला लिहिता येते!